गाळातल्या प्लवकांच्या सिस्ट: नमुना काढण्यापासून उगवणीपर्यंत

पावसाळा संपला की दरवर्षी काही विद्यार्थी गाळाच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "दोन दिवस बघतोय, सूक्ष्मदर्शकाखाली एकही सिस्ट दिसत नाही. काय चुकलं?" मी आधी बाटलीतला गाळ बोटांनी चोळून बघते. बरेचदा गाळ हाताला खरखरीत लागतो, म्हणजे ती वाळूच असते. नाहीतर नमुना पारदर्शक पिशवीत दिवसभर उन्हातून फिरून आलेला असतो. नाहीतर चाळणीची जाळी कडेला उसवलेली असते आणि सगळ्या सिस्ट केव्हाच मोरीतून वाहून गेलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्याआधीच काम बिघडलेलं असतं, म्हणून या लेखात मी सूक्ष्मदर्शकाआधीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) सुमारे २००० सागरी जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी २०० च्या आसपास जाती आयुष्याच्या एका टप्प्यावर जाड कवचाची सुप्त पेशी बनवतात. हीच सिस्ट. ती तळाशी बसते, गाळात पुरली जाते आणि परिस्थिती जुळली की उगवते. बहुतेकींचा आकार १५ ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. खाली सांगितलेली पद्धत जिवंत सिस्ट मोजण्यासाठी आणि उगवण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून रत्नागिरीजवळची भाट्ये खाडी घ्या: काजळी नदीचं मुख, भरती-ओहोटीचं पाणी, काठाला चिखल आणि मुखाशी वाळू. कोकण-गोव्यातल्या बहुतेक खाड्यांना हेच लागू पडेल.

१. आधी प्रश्न ठरवा

हा टप्पा कागदावरचा आहे, म्हणून सगळे तो वगळतात. तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

(अ) आत्ता या गाळात उगवू शकणाऱ्या कोणत्या जाती किती आहेत? मग वरचा २ ते ३ सेंटिमीटर गाळ लागतो. तो ताजा, थंड आणि अंधारात ठेवलेला हवा.

(आ) गेल्या काही दशकांत जातींचं प्रमाण कसं बदललं? मग गाभा, म्हणजे नळीत अखंड निघालेला, न ढवळलेला गाळाचा उभा स्तंभ लागतो आणि त्याचं वय काढावं लागतं. गाळातल्या किरणोत्सारी शिसे-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं आहे, त्यामुळे त्यावरून साधारण १०० ते १५० वर्षं मागे जाता येतं. जिथे ड्रेजिंग (यंत्राने तळाचा गाळ उपसणं) होतं किंवा ट्रॉलर तळ खरवडतात तिथला गाभा या कामाला निरुपयोगी असतो.

(इ) एखादी विषारी जात, समजा अलेक्झांड्रियम प्रजातीतली, या खाडीत आहे का? मग सगळ्या जाती मोजण्यापेक्षा त्या एकीला शोधण्याची पद्धत निवडा. ती टप्पा ६ मध्ये आहे.

सावधान: पराग आणि जीवाश्म अभ्यासणारे लोक गाळ हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात घालतात. त्याने गाळ सुरेख साफ होतो, पण पेशी मरतात आणि स्क्रिप्सिएलासारख्या चुनखडी कवचाच्या सिस्ट विरघळून जातात. शिवाय हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून जीव घेऊ शकतं. योग्य फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट), हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शिकवलेला माणूस सोबत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. (अ) आणि (इ) प्रश्नांसाठी आम्लाची गरजही नाही.

२. जागा, वेळ आणि परवानगी

जागा. पाण्यातून खाली बसताना सिस्ट बारीक गाळाच्या कणासारखी वागते. जिथे पाणी संथ होतं आणि मऊ चिखल साचतो, तिथेच ती सापडते. पहिल्या फेरीत नमुने काढू नका, फक्त चाचपणी करा. दहा-बारा ठिकाणचा चिमूटभर गाळ बोटांत चोळायचा. लोण्यासारखा मऊ लागला तर ती जागा नकाशावर नोंदवा, खरखर लागली तर सोडून द्या. ओहोटीला उघडा पडणारा काठ आणि कायम पाण्याखाली असलेला तळ हे दोन वेगळे अधिवास आहेत. त्यांचे आकडे एका सरासरीत घालू नका.

वेळ. होडीतून नमुना काढायचा असेल तर भांगाचे दिवस निवडा. उधाणाला खाडीत ओढ इतकी असते की दोरी तिरकी जाते, उपकरण आडवं टेकतं आणि वरचा मऊ थर उडून जातो. काठावरून हाताने नळी घालायची असेल तर उलट, उधाणाची ओहोटी बरी, कारण चिखलाचा जास्त पट्टा उघडा पडतो. पण पाणी फिरायच्या तासभर आधी बाहेर या. मांडीपर्यंत रुतलेला पाय सोडवायला वेळ लागतो आणि एकट्याने तर कधीच उतरू नये.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होडी मिळेल असं गृहीत धरून वेळापत्रक आखू नका. पावसाळ्यात नदी भरपूर गाळ आणून टाकते, त्यामुळे ऑक्टोबरातला वरचा सेंटिमीटर आणि मे महिन्यातला वरचा सेंटिमीटर ही तुलना सरळ होत नाही. दोन जागांची तुलना करायची तर दोन्ही नमुने एकाच हंगामातले, शक्यतो एकाच आठवड्यातले असू द्या.

परवानगी. कांदळवनात पाऊल ठेवायचं असेल तर वनविभागाची, बंदराच्या हद्दीत जायचं असेल तर बंदर प्रशासनाची परवानगी आधी लेखी घ्या. गावातल्या मच्छीमारांशी बोलून ठेवा. कुठे चिखल खोल आहे आणि कुठे जाळी लावलेली असतात हे कोणत्याही नकाशापेक्षा तांडेल चांगलं सांगतो.

३. निघण्याआधीची तयारी

आदल्या रात्री हे सामान समोर मांडून एकेक वस्तूवर खूण करा:

– अ‍ॅक्रिलिक किंवा पीव्हीसीची सरळ नळी, आतला व्यास ५ ते ७ सेंटिमीटर, लांबी ३० ते ५० सेंटिमीटर; एका टोकाची कड घासून धारदार केलेली
– दोन्ही टोकांना घट्ट बसणारी रबरी बुचं
– गाभा खालून वर ढकलायला नळीत बसेल असा दट्ट्या
– प्लास्टिकचे पातळ चमचे आणि स्पॅट्युला (प्रत्येक थराला वेगळा, किंवा धुवायला गाळलेलं समुद्राचं पाणी)
– छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या, लागतील त्याच्या दीडपट
– काळं प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल, शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं
– तापमापक, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, जीपीएस, पेन्सिल

लेबल आदल्या रात्रीच लिहा. झाकणावरही आणि बाटलीच्या अंगावरही. झाकणं अदलाबदल होतात. माझ्या पहिल्या मोठ्या फेरीत तशी झाली आणि सहा बाटल्या फेकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून मी फक्त झाकणावर कधीच लिहीत नाही.

४. गाळ काढणे आणि कापणे

व्हॅन व्हीन ग्रॅब (दोरीने सोडून तळाचा गाळ पकडणारा लोखंडी जबडा) सगळ्या महाविद्यालयांत असतो म्हणून सगळे तोच वापरतात. पण तळावर आपटताना त्याच्या पुढच्या पाण्याच्या धक्क्याने वरचा मऊ थर उडतो, आणि वर येताना फटीतून उरलासुरला निथळतो. नेमका तोच थर आपल्याला हवा असतो. दुसरा इलाज नसेल तर ग्रॅब अगदी सावकाश टेकवा, वर आल्यावर वरच्या झडपा उघडून मधल्या न हललेल्या भागात छोटी नळी खुपसून नमुना घ्या, आणि "ग्रॅबने घेतला" हे अहवालात स्पष्ट लिहा.

नळीने घेण्याचा क्रम असा:

(क) नळी उभी धरून सावकाश, एका लयीत दाबा. हिसके देऊ नका, फिरवू नका.
(ख) १५ ते २० सेंटिमीटर आत गेली की नळीतल्या आणि बाहेरच्या गाळाची पातळी किती वेगळी आहे ते मोजपट्टीने बघून लिहा. आतली खूप खाली गेली असेल तर गाळ दाबला गेला आहे. गाभ्याचा अभ्यास असेल तर तो टाकून दुसरा घ्या.
(ग) वरून पाणी भरा, हवा राहू न देता वरचं बूच लावा.
(घ) नळी उपसा आणि पाण्यातून बाहेर काढण्याआधीच खालचं बूच लावा.

तपासा: नळी उजेडात धरा. गाळावरचं पाणी बऱ्यापैकी नितळ आहे का? गाळाचा पृष्ठभाग सपाट आहे का? खेकड्या-किड्यांची बिळं दिसतात का? पाणी गढूळ आणि पृष्ठभाग तिरका असेल तर नमुना फेका. तिथेच दुसरा घेणं पाच मिनिटांचं काम आहे. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर ते करता येत नाही.

वरचं पाणी बारीक नळीने ओढून काढा. ओतू नका, ओतलं की सगळ्यात वरचा रव्यासारखा थर त्याच्यासोबत जातो. मग दट्ट्याने गाभा वर ढकलत एकेक सेंटिमीटरचे थर कापा. नळी आत जाताना वरचा गाळ भिंतीला फासून खाली ओढते, म्हणून प्रत्येक थराची कडेची ३ ते ५ मिलिमीटर गोल किनार काढून टाका. हे न केल्यामुळे "१५ सेंटिमीटर खोलीवर जिवंत सिस्ट सापडल्या" असे खोटे निष्कर्ष निघतात. प्रत्येक जागेवर किमान तीन नळ्या घ्या. एकाच पुलाखाली हातभर अंतरावर दुप्पट फरक पडलेला मी बघितला आहे.

बाटली काठोकाठ भरा, हवेला जागा ठेवू नका. सिस्टला उगवायला ऑक्सिजन लागतो आणि बऱ्याच जातींना उजेडही. त्यामुळे हवा, उजेड आणि ऊब या तिन्ही गोष्टी तोडायच्या. बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून शीतपेटीत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राचा जाड थर घाला. प्रयोगशाळेत आल्यावर ४ अंश सेल्सिअसला, अंधारात.

सावधान: नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेल्या पेशीतून काही उगवत नाही.

साठवणीची तारीख वहीत ठळक लिहा. तयार झाल्यानंतर प्रत्येक सिस्टला काही काळ सक्तीची विश्रांती असते; जातीनुसार काही आठवडे, कधी काही महिने. फ्रिजमध्ये असतानाही ती विश्रांती पुरी होत असते. म्हणजे एका महिन्याने उगवणीचा प्रयोग केलात आणि चार महिन्यांनी पुन्हा केलात तर आकडे वेगळे येतील, आणि त्यात गाळाचा काही दोष नाही.

५. पाण्याचा अंश काढणे

हा छोटा टप्पा आहे आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. बाटलीतला गाळ हलक्या हाताने एकजीव करा. त्यातला २ ते ३ ग्रॅमचा वेगळा भाग आधीच वजन केलेल्या वाटीत घ्या, ओलं वजन लिहा, ६० ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवा, थंड करून पुन्हा वजन करा. वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. कमी झालेलं वजन भागिले ओलं वजन म्हणजे पाण्याचा अंश.

वाळवलेला भाग सिस्ट मोजायला वापरू नका. एकाने वापरला होता. चुरा झालेल्या कवचांशिवाय हाती काही आलं नाही.

६. धुणे, चाळणे, रोळणे

एकूण कामाचा अर्धा वेळ इथे जातो. घाई करू नका.

पाणी. सगळीकडे बारीक गाळणीतून गाळलेलं समुद्राचं पाणी वापरा, नमुन्याच्या जागेच्या जवळपासच्या क्षारतेचं. नळाच्या गोड्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्षारतेचा एकदम झटका बसतो. तुम्हाला उगवण बघायची असेल तर ते चालत नाही.

पायरी १. साधारण ३ ग्रॅम ओला गाळ अचूक वजन करून बीकरमध्ये घ्या. गाळलेलं समुद्राचं पाणी घालून पातळ करा.

पायरी २. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी पाणी कंप पावणाऱ्या भांड्यात) १ ते २ मिनिटं ठेवा. टोक बुडवायचा प्रोब असेल तर ३० सेकंदांत थांबा. बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवा, कारण कंपनाने पाणी तापतं. या पायरीचा हेतू मातीचे गोळे सोडवणं एवढाच आहे.

तपासा: एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोळे शिल्लक असतील तर आणखी ३० सेकंद. कवचं फुटलेली, काटे तुटलेले दिसले तर जास्त झालं. नवा भाग घेऊन कमी वेळ द्या. तुमच्या गाळासाठी किती वेळ योग्य ते एकदा ठरलं की सगळ्या नमुन्यांना तेवढाच द्या.

पायरी ३. वर १२५ मायक्रॉनची (किंवा १०० ची) चाळणी, खाली २० मायक्रॉनची, अशी मांडा. गाळ ओता आणि धुण्याच्या बाटलीने बारीक धार सोडत धुवा. वरच्या चाळणीत शिंपल्यांचे तुकडे, पानं, वाळू अडकते. सिस्ट खालच्या चाळणीवर राहतात. खालून येणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. बोटाने किंवा ब्रशने दाबून गाळ ढकलू नका, जाळीचे धागे सरकतात आणि छिद्रं मोठी होतात. पाणी तुंबलं तर चाळणीच्या बाजूला हलकी टिचकी मारा.

२० मायक्रॉनची चाळणी ही तडजोड आहे हे लक्षात असू द्या. तिच्याहून लहान सिस्ट निघून जातात. लहान जातींवर काम असेल तर १० मायक्रॉनची घ्या. धुवायला तिप्पट वेळ लागेल.

पायरी ४. खालच्या चाळणीवरचा माल घड्याळकाचेत किंवा पेट्री डिशमध्ये घ्या आणि रोळा. घरी तांदूळ रोळून खडे मागे ठेवतो तीच हाताची हालचाल: गोल फिरवायचं, जड कण मध्यभागी तळाशी बसू द्यायचे आणि तरंगणारा हलका भाग हळूच दुसऱ्या भांड्यात ओतायचा. पुन्हा पाणी, पुन्हा रोळणं, असं आठ-दहा वेळा. ज्यांना घरी रोळायची सवय आहे त्यांना हे पहिल्याच दिवशी जमतं. बाकीच्यांनी आधी टाकाऊ गाळावर सराव करावा.

तपासा: मागे उरलेली वाळू फेकण्याआधी तिच्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यात सिस्ट दिसत असतील तर रोळणं पुरं झालेलं नाही. फेकायच्या मालाकडे कुणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त सिस्ट तिथेच हरवतात.

पायरी ५. हलका भाग पुन्हा २० मायक्रॉनच्या चाळणीवर गोळा करून गाळलेल्या पाण्याने नेमका १० मिलिलिटर करा. हाच तुमचा मोजायचा नमुना.

गाळात सेंद्रिय कचरा फारच असेल तर सोडियम पॉलीटंगस्टेटच्या १.३ घनतेच्या द्रावणावर नमुना हलकेच ओतून सेंट्रिफ्यूज करतात. सिस्ट दोन थरांच्या सीमेवर गोळा होतात. द्रावण महाग आहे आणि चुनखडीच्या जड सिस्ट त्यात खाली जाऊ शकतात. रोळून काम भागत असेल तर याची गरज नाही.

अलेक्झांड्रियमसाठी. तिची सिस्ट गुळगुळीत, रंगहीन, लांबट किंवा गोल असते, भोवती श्लेष्मा असतो आणि त्याला मातीचे कण चिकटतात. साध्या उजेडात ती सहज निसटते. त्यासाठी नमुन्याचा एक भाग फॉर्मलिनने स्थिर करून (पेशी मारून, पण आकार तसाच राखून), मेथॅनॉलने रंगद्रव्य काढून, प्रिम्युलिनने रंगवतात (१ मिलिलिटरला २ मिलिग्रॅम) आणि निळ्या उजेडाच्या फ्लूरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सिस्ट पिवळट हिरवी चमकते. दुसऱ्या काही सिस्ट आणि कचराही थोडा चमकतो, म्हणून चमक दिसली की लगेच साध्या उजेडात आकार पडताळायचा.

सावधान: स्थिर करायचं फॉर्मलिन बफर केलेलं (आम्लपणा घालवलेलं) असू द्या. साधं फॉर्मलिन आम्लधर्मी असतं आणि चुनखडीची कवचं खाऊन टाकतं.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळण्या धुवा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये घाला आणि उजेडात धरून जाळी तपासा. दिवसातून एकदा, गाळ न घालता नुसतं गाळलेलं पाणी सगळ्या पायऱ्यांतून नेऊन बघा. त्यात सिस्ट सापडली तर ती आधीच्या नमुन्यातली आहे.

७. मोजणे

नमुना हलक्या हाताने उलटसुलट करून सारखा करा. लगेच १ मिलिलिटर सेजविक-राफ्टर काचपट्टीत (मोजणीसाठी खोलगट केलेल्या काचपट्टीत) घ्या. थांबलात तर सिस्ट तळाशी बसतात आणि वरचं पातळ पाणीच पिपेटमध्ये येतं. दहा मिनिटं स्थिरावू द्या आणि पूर्ण काचपट्टी रांगेरांगेने बघा.

प्रत्येक सिस्टची नोंद दोन रकान्यांत करा: भरलेली आणि रिकामी. भरलेलीत पेशीचा ऐवज असतो, बहुतेकदा कण कण दिसणारा, बरेचदा एक नारिंगी-लाल ठिपका असलेला. रिकामीत आतून पेशी निघून गेल्याचं भोक दिसतं किंवा नुसतं पोकळ कवच. दोन्ही एकत्र मोजून "इतकी बीजं गाळात आहेत" असं लिहिणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. रिकामी कवचं आधी काय झालं ते सांगतात, भरलेली पुढे काय होऊ शकतं ते.

किती मोजायच्या? १०० मोजल्यात तर निव्वळ योगायोगाची चूक १० टक्क्यांच्या आसपास असते, २०० ला ७ टक्के, आणि ३६ वर थांबलात तर १७ टक्के. किमान १०० चं लक्ष्य ठेवा. एका मिलिलिटरमध्ये पुऱ्या होत नसतील तर आणखी मिलिलिटर बघा, पण किती बघितले ते लिहा.

हिशेब. समजा ३ ग्रॅम ओला गाळ घेतला, पाण्याचा अंश ०.६०. म्हणजे कोरडा गाळ १.२ ग्रॅम. १० मिलिलिटरपैकी ४ मिलिलिटरमध्ये १२० सिस्ट मिळाल्या. म्हणजे पूर्ण नमुन्यात ३००. ३०० भागिले १.२, म्हणजे दर ग्रॅम कोरड्या गाळात २५० सिस्ट.

आता मुखाजवळची वाळूमिश्रित जागा घ्या: तेवढाच ओला गाळ, तेवढ्याच ३०० सिस्ट, पण पाण्याचा अंश ०.३०. कोरडा गाळ २.१ ग्रॅम, उत्तर १४३. ओल्या वजनाने भागलं असतं तर दोन्ही जागांचा आकडा १०० आला असता आणि तुम्ही "फरक नाही" असं लिहून मोकळे झाला असता.

८. ओळख

ओळखीचा पूर्ण तक्ता इथे देता येणार नाही, पण सतत होणारी गफलत सांगते.

एकाच सिस्टची दोन नावं. जीवाश्म अभ्यासकांनी सिस्टला एक नाव दिलं, जीवशास्त्रज्ञांनी पोहणाऱ्या पेशीला दुसरं. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम ही लिंग्युलोडिनियम पॉलिएड्राचीच सिस्ट. ऑपरक्युलोडिनियम सेंट्रोकार्पम म्हणून ओळखली जाणारी ही प्रोटोसेराशियम रेटिक्युलेटमची. स्पिनिफेराइट्स या नावाखालच्या काटेरी सिस्ट गोनिऑलॅक्स प्रजातीच्या आहेत. दोन पुस्तकांतून दोन नावं उचलून तक्त्यात दोन जाती केलेले प्रबंध मी वाचले आहेत. सुरुवातीलाच एक पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

सिस्ट नसलेल्या सिस्ट. कोपेपॉड या छोट्या कवचधारी प्राण्यांची काटेरी अंडी, टिंटिनिड या एकपेशीय जीवांच्या सुरईसारख्या सिस्ट, बुरशीचे बीजाणू आणि, कांदळवनाजवळ हमखास, परागकण. अंडी सहसा मोठी, ७० मायक्रॉनच्या पुढची असतात. परागाला ठरावीक भेगा किंवा छिद्रं असतात. शंका आली तर फोटो काढून "अनोळखी" रकान्यात टाका. तो रकाना मोठा झाला म्हणून लाज वाटू देऊ नका. ओढूनताणून नाव देणं त्याहून वाईट.

प्रत्येक प्रकाराचे तीन फोटो: वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर फोकस करून, मोजपट्टीसह. काटे, भोकाचा आकार, कवचाचा रंग आणि व्यास नोंदवा. प्रोटोपेरिडिनियमच्या बऱ्याच गोल सिस्ट तपकिरी असतात आणि नुसत्या दिसण्यावरून जातीपर्यंत जाता येत नाही. तिथे उगवणच निर्णय देते.

९. उगवण

सिस्ट निवडणे. बर्नरवर ओढून बारीक केलेल्या पिपेटने, उलट्या (भिंग खालच्या बाजूला असलेल्या) सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक भरलेली सिस्ट उचला. निर्जंतुक समुद्राच्या पाण्याच्या तीन ते पाच थेंबांतून क्रमाने धुवा. मग २४ किंवा ९६ खणांच्या प्लेटमध्ये एका खणात एकच सिस्ट ठेवा आणि ठेवल्यावर ती खरंच खणात आहे हे बघा. ती पिपेटच्या काचेला चिकटून परत येते, बरेचदा.

माध्यम. एफ/२ माध्यम (समुद्री शैवालं वाढवायचं पोषक द्रावण) सिलिकेट न घालता, चार-पाच पट पातळ करून. सिलिकेट घातलं की सोबत आलेले डायटम (सिलिकाच्या कवचाची शैवालं) दोन दिवसांत खण व्यापून टाकतात.

तापमान आणि उजेड. थंड प्रदेशातल्या लेखांतून १५ अंश उचलू नका. आपल्या खाडीच्या पाण्याचं तापमान तुम्ही नमुना घेताना मोजलं आहे; त्याच्या जवळपास, साधारण २५ ते २८ अंश, ठेवा. १२ तास मंद उजेड, १२ तास अंधार. प्लेट सुकू नये म्हणून कडा पॅराफिल्मने बंद करा.

बघणे. पहिले दहा दिवस रोज, मग एक दिवसाआड, महिनाभर. रिकामं कवच आणि पोहणारी पेशी दोन्ही एकाच खणात दिसली तरच "उगवली". फोटो लगेच काढा. प्रोटोपेरिडिनियम दुसऱ्यांना खाऊन जगते. खायला नसलं की थोड्याच दिवसांत मरते. निम्म्या खणांतल्या पेशी लुगोलने (आयोडीनच्या द्रावणाने) स्थिर करा, कॅल्कोफ्लूअर या चमकणाऱ्या रंगाने रंगवून कवचाच्या पट्ट्या मोजा. उरलेल्या जिवंत वाढवा.

सोबत सिस्ट न घातलेले किमान सहा खण ठेवा. त्यांत काही पोहताना दिसलं तर तुमचं पाणी किंवा भांडी दूषित आहेत, आणि त्या प्लेटचा एकही आकडा वापरू नका.

सावधान: सिस्ट वेगळी न करता गाळच माध्यमात घालून वाढवण्याची सोपी पद्धत आहे. तिने "या गाळातून ही जात वाढते" एवढंच सांगता येतं. "ही पेशी या सिस्टमधून आली" असं सांगता येत नाही.

न उगवलेली सिस्ट मेलेली समजू नका. तिची विश्रांती संपलेली नसेल. त्याच बाटलीतल्या गाळावर दोन महिन्यांनी प्रयोग पुन्हा करा.

विषारी जातींच्या सिस्टमध्येही विष असू शकतं. तोंडाने पिपेट ओढू नका, त्या टेबलावर डबा उघडू नका. काम संपल्यावर प्लेट ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा). खाडीत तर ओतूच नका. तिसऱ्या आणि कालवं काढणारी माणसं तिथेच उतरतात.

१०. आकड्यांवरून काय लिहावं, काय लिहू नये

सिस्ट जिथे सापडली तिथेच ती तयार झाली असं नाही, भरतीने ती वर सरकते. तपकिरी प्रोटोपेरिडिनियमची कवचं ऑक्सिजन असलेल्या गाळात लवकर कुजतात, म्हणून त्या कमी दिसल्या तर पाण्यात त्या कमी होत्या असं लिहिण्याआधी गाळाचा रंग आणि वास वहीत शोधा. काळा, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा गाळ आणि तपकिरी, वास नसलेला गाळ यांची तुलना या एका गटापुरती सरळ करू नका.

आणि किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या, दुसऱ्या दिवशी गाळ काढला, त्या जीवाची एकही सिस्ट मिळाली नाही, असं कुणी सांगितलं तर ती पद्धतीची चूक नाही. चमकणारा जीव बहुतेकदा नॉक्टिलुका हा डायनोफ्लॅजेलेट असतो, आणि तो अशी सुप्त सिस्ट बनवत असल्याचं माहीत नाही. सिस्ट न बनवणाऱ्या जातींबद्दल गाळ गप्प असतो. तुमच्या तक्त्याखाली ही ओळ असू द्या: "ही यादी फक्त सिस्ट बनवणाऱ्या जातींची आहे."

अहवालात या गोष्टी नसतील तर मी आकडे वाचत नाही: उपकरण, थराची जाडी, साठवणीचे दिवस आणि तापमान, कंपनाचा वेळ, चाळणीची मापं, बघितलेले मिलिलिटर, मोजलेल्या एकूण सिस्ट, भरलेल्या-रिकाम्या वेगळ्या, आणि भाजक कोरडं वजन आहे की ओलं.